बेरजेआधीच्या ओळी

सार्वजनिक प्रकल्पाचा कोणताही अहवाल उघडला, की गोषवाऱ्याच्या पहिल्याच पानावर एक दशांशातला आकडा ठळक अक्षरांत दिसतो: १.२३, १.५७, क्वचित २.४. हे त्या प्रकल्पाचे लाभ-व्यय गुणोत्तर. आकडा एकच्या वर असेल तर समाजाला मिळणारा लाभ होणाऱ्या खर्चापेक्षा अधिक आहे असे समजायचे. खाली असेल तर, निदान तत्त्वतः तरी, प्रकल्प बाजूला ठेवायचा. असे अहवाल वाचणे हा बरीच वर्षे माझ्या कामाचा भाग होता आणि त्या काळात जडलेली एक सवय अजून सुटलेली नाही. मी पहिले पान उलटून थेट शेवटच्या परिशिष्टाकडे जातो. ते गुणोत्तर ज्या तक्त्यातून निघाले तो तक्ता तिथे असतो. काय मोजले, कोणत्या दराने मोजले, किती वर्षांपर्यंत मोजले आणि तळटीपेत बारीक टायपात ‘मोजता न आल्यामुळे वगळले’ हा शेरा कशाकशावर मारला आहे, हे तिथे कळते. प्रकल्प मांडणाऱ्यांनी जगाकडे कसे पाहिले ते या ओळींत उतरलेले असते. बेरीज झाली की त्यातले बहुतेक सगळे पुसले जाते.

खर्च-लाभ विश्लेषणाबद्दल माझे मत जे काही आहे ते या सवयीतून आलेले आहे. ही पद्धत मला टाकाऊ वाटत नाही. सार्वजनिक पैसा कोठे लावावा हे ठरवण्याचे जे पर्याय प्रत्यक्षात उपलब्ध असतात, म्हणजे वजनदार माणसाचा आग्रह, निवडणुकीचा हंगाम किंवा कोनशिलेची घाई, त्यांच्याशी तुलना केली तर ती फार सभ्य पद्धत आहे. माझी तक्रार आहे ती तिच्या शेवटच्या पायरीबद्दल. जिथे ही पद्धत सर्वांत कच्ची असते, नेमक्या त्याच जागी तिच्यावर सर्वांत जास्त भरवसा टाकला जातो.

तिचा उगम मात्र एका सुंदर निरीक्षणात आहे. १८४४ साली ज्यूल द्यूपुई या फ्रेंच अभियंत्याने सार्वजनिक बांधकामांची उपयुक्तता कशी मोजावी यावर एक निबंध लिहिला. रस्ते आणि पूल बांधणाऱ्या सरकारी सेवेतला हा माणूस. पुलावर टोल नसेल तर पुलाचे उत्पन्न शून्य असते, पण म्हणून त्याचा उपयोग शून्य ठरत नाही, इथून त्याने सुरुवात केली. पूल ओलांडणारा प्रत्येक जण त्यासाठी जास्तीत जास्त किती मोजायला तयार झाला असता, त्यातून त्याचा खरा लाभ कळतो. टोल बसवला की काही जण पुलावरून येणेच सोडून देतात आणि त्यांचे जे नुकसान होते ते कोणाच्याही जमाखर्चात उमटत नाही. तिजोरीच्या वहीला न दिसणाऱ्या लोकांना मोजणीत आणणे हा या विद्येचा मूळ हेतू होता. पुढे तिच्याच नावाखाली कित्येकांना मोजणीतून गाळले गेले, म्हणून हे लक्षात ठेवलेले बरे.

कायद्याच्या भाषेत ही पद्धत आली ती अमेरिकेत, १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्यात. लाभ कोणाच्याही वाट्याला जावोत, ते अंदाजित खर्चापेक्षा अधिक असतील तर संघराज्याने पूरनियंत्रणाची कामे हाती घ्यावीत, असे त्यात म्हटले आहे. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हे वाक्य हमखास भेटते, पण बहुधा अर्धेच. मूळ वाक्य तिथे संपत नाही. लोकांचे जीवित आणि त्यांची सामाजिक सुरक्षितता एरवी धोक्यात येत असेल तर, अशी आणखी एक अट त्याला जोडलेली आहे. पहिल्या अर्ध्या भागावर एक शास्त्र उभे राहिले आणि दुसरा भाग कायद्याच्या पुस्तकात राहिला. याचे कारण समजण्यासारखे आहे. पहिल्या अटीची बेरीज करता येते. दुसरीसाठी कोण कुठे राहतो, कशावर जगतो आणि पाणी आल्यावर कुठे जातो, हे विचारत हिंडावे लागते.

‘कोणाच्याही वाट्याला जावोत’ हे शब्द वाचायला उदार वाटतात. सामान्य शेतकऱ्याचा लाभही कारखानदाराच्या लाभाइतकाच ग्राह्य, असा त्यांचा एक अर्थ होतो आणि तो चांगलाच आहे. पण लाभ कोणाला झाला हे पाहण्याची गरज नाही, असाही अर्थ त्यातून काढता येतो आणि पुढच्या काळात तोच काढला गेला. १९३९ साली निकोलस काल्डोर आणि जॉन हिक्स या दोन अर्थतज्ज्ञांनी त्याला सैद्धांतिक आधार पुरवला. एखाद्या बदलामुळे ज्यांचा फायदा झाला ते, ज्यांचे नुकसान झाले त्यांना पुरी भरपाई देऊनही फायद्यात राहू शकत असतील, तर तो बदल स्वीकारार्ह मानावा, अशी ही कसोटी आहे. यातला ‘शकत असतील’ हा भाग महत्त्वाचा. भरपाई प्रत्यक्ष दिली पाहिजे असे कसोटी म्हणत नाही. ती देता येण्याजोगी असली की पुरे. काहींना शंभराचा लाभ आणि इतरांना साठाचा तोटा असेल तर प्रकल्प चाळीसने उत्तीर्ण होतो आणि साठ गमावणाऱ्यांच्या हाती काही पडले नाही तरी निकालपत्रात फरक पडत नाही. अर्थतज्ज्ञांनी यावर तात्त्विक काथ्याकूट पुष्कळ केला आहे. धरणाच्या बुडीत क्षेत्रातल्या माणसाला मात्र हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही, कारण देता आली असती अशा भरपाईवरच त्याचे आयुष्य चाललेले असते.

याहून सूक्ष्म अडचण मोजपट्टीतच आहे. लाभ मोजायचा तो माणूस किती पैसे द्यायला तयार आहे यावरून, आणि किती द्यायला तयार आहे हे त्याच्या खिशात किती आहे यावर अवलंबून. पुरापासून संरक्षण करणारी भिंत नदीच्या कोणत्या काठाला बांधावी हे केवळ टळलेल्या मालमत्ता-हानीवरून ठरवले, तर ती महागड्या घरांच्या काठाला जाते, कारण तिथे पाणी शिरले तर नुकसानीचा आकडा मोठा होतो. समोरच्या काठावर दसपट माणसे राहत असतील, पण त्यांची घरे स्वस्त आहेत. इथे कोणी लबाडी केलेली नाही, दर आणि क्षेत्रफळ बरोबर लावले आहे, बेरीजही अचूक आहे. प्रवासात वाचणाऱ्या वेळेचेही असेच. तासाचे मोल पगारावरून ठरवले तर श्रीमंत उपनगरातून शहरात येणारा रस्ता कारखान्याकडे जाणाऱ्या बसमार्गाला नेहमीच मागे टाकील. ब्रिटनच्या वाहतूक खात्याने कामाव्यतिरिक्तच्या प्रवासवेळेसाठी सर्व उत्पन्नगटांना एकच सरासरी मूल्य लावण्याचा शिरस्ता प्रदीर्घ काळ पाळला. तो निर्णय अर्थशास्त्राने दिलेला नव्हता. माणसामाणसांत किती फरक करायचा याबद्दलचा तो एक नैतिक निर्णय होता आणि तक्त्याच्या एका ओळीत गुपचूप बसला होता.

हे ओळखून काहींनी उपाय सुचवले. १९७२ साली संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेसाठी पार्थ दासगुप्ता, स्टीफन मार्ग्लिन आणि अमर्त्य सेन यांनी प्रकल्प-मूल्यमापनाची मार्गदर्शिका तयार केली. गरीब गटाला किंवा मागास प्रदेशाला मिळणाऱ्या लाभाला अधिक भार द्यावा आणि हे भार सरकारने उघडपणे जाहीर करावेत, अशी दिशा तिने दाखवली. भार ठरवणे हे राजकारण आहे, तज्ज्ञाने त्यात पडू नये, हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप. तो मला कधीच पटला नाही, कारण सर्वांना सारखा भार देणे हीसुद्धा भार ठरवण्याचीच एक रीत आहे, फक्त ती कोणाला जाहीर करावी लागत नाही. तरीही भारांच्या गणिताबद्दल मी फारसा उत्साही नाही. त्यातूनही शेवटी एकच आकडा निघतो आणि त्याच्या पोटात काय दडले आहे ते पुन्हा उकलावे लागते. त्यापेक्षा कोणत्या गटाला किती मिळाले आणि कोणत्या गटाचे किती गेले यांचे वेगवेगळे स्तंभ मांडून ते तसेच, बेरजेविना, निर्णय घेणाऱ्यांपुढे ठेवावेत. हे अगदी साधे आहे, आणि बहुधा म्हणूनच होत नाही.

न मोजता येणाऱ्या गोष्टींची कथा याहून रंगतदार आहे आणि ती सांगायची तर लंडनच्या तिसऱ्या विमानतळाकडे यावे लागते. १९६८ साली ब्रिटिश सरकारने न्यायमूर्ती रॉस्किल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. कब्लिंग्टन, नटहॅम्पस्टेड, थर्ले आणि एसेक्सच्या किनाऱ्यावरचे फाउलनेस अशा चार जागा निवडून आयोगाने त्यांची तुलना केली. तोवर झालेल्या सर्वांत विस्तृत खर्च-लाभ विश्लेषणांपैकी ते एक होते. विमानाच्या आवाजाचा त्रास मोजण्यासाठी घरांच्या घसरणाऱ्या किमतींचा आधार घेतला गेला, प्रवाशांना विमानतळापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ पैशांत बदलला गेला. कब्लिंग्टनची जागा घेतली तर जवळच्या स्टूकली गावातले बाराव्या शतकातले नॉर्मन शैलीचे चर्च पाडावे लागणार होते. आता आठशे वर्षांच्या चर्चची किंमत काय धरायची? त्याचा आगीचा विमा किती रकमेचा आहे ती रक्कम धरावी, असा तोडगा निघाला. विमा कंपनी चर्च जळाल्यास जेवढे देईल तेवढेच ते पाडल्याने समाजाचे नुकसान, असा हा हिशेब.

त्यावर इंग्लंडभर जी थट्टा उडाली ती आजही संपलेली नाही. जॉन अ‍ॅडम्स या भूगोलतज्ज्ञाने १९७० साली गंभीर चेहऱ्याने लिहून टाकले की आयोगाचीच रीत मनापासून पाळली, तर विमानतळ लंडनच्या मधोमध वेस्टमिन्स्टरलाच बांधला पाहिजे, कारण प्रवाशांचा वेळ तिथे सर्वांत जास्त वाचेल आणि पाडाव्या लागणाऱ्या वास्तूंची किंमत त्यापुढे किरकोळ ठरेल. विनोद बाजूला ठेवला तर मुद्दा नेमका होता. चार जागांच्या तुलनेत खरा फरक पाडणारी ओळ प्रवासवेळेची होती. लाखो प्रवाशांची थोडीथोडी मिनिटे, पुढच्या कित्येक वर्षांची, एकत्र केली की तिच्यापुढे आवाज, शेती, गावे आणि चर्च अशा सगळ्या ओळी बारीक होऊन जात. विमानाची वाट पाहत बसलेल्या माणसाची ती दहा मिनिटे खरोखर तेवढ्या मोलाची होती का, हा प्रश्न चर्चच्या प्रश्नाइतकाच अवघड होता. पण मिनिटांना दर होता आणि चर्चला नव्हता, म्हणून अवघडपणा फक्त चर्चच्या बाजूला दिसला.

जानेवारी १९७१ मध्ये आयोगाने बहुमताने कब्लिंग्टनची शिफारस केली. कॉलिन ब्यूकॅनन या नगररचनाकार सदस्याने एकट्याने भिन्न मतपत्रिका जोडली. मोकळ्या ग्रामीण पट्ट्यात विमानतळ रेटणे हा पर्यावरणाचा घात आहे, असे त्याचे म्हणणे होते. सरकारने बहुमताची शिफारस डावलून फाउलनेसची जागा, म्हणजे मॅपलिनचा प्रकल्प, स्वीकारला आणि १९७४ साली तोही सोडून दिला. पुढे विस्तार झाला तो स्टॅनस्टेडचा, जे आयोगाच्या चार जागांच्या यादीत नव्हतेच.

या साऱ्यातून खर्च-लाभ विश्लेषण म्हणजे खुळेपणा, असा निष्कर्ष बहुतेक जण काढतात. मला या प्रकरणात वेगळे काही दिसते. चर्चची किंमत विम्याच्या रकमेएवढी धरली आहे हे लोकांना कळले ते आयोगाने तसे लिहिले म्हणून. ओळ कागदावर होती, तिच्यापुढे आकडा होता, म्हणून गावकऱ्याला ती वाचता आली, पत्रकाराला तिची टर उडवता आली आणि ब्यूकॅननला तिच्याविरुद्ध लिहिता आले. बंद खोलीत चार माणसांनी नकाशावर बोट ठेवले असते तर त्यांच्या मनात चर्चची किंमत शून्य होती की अमोल, हे कोणालाही कधी कळले नसते. चुकीचा आकडा उघड्यावर असणे ही मोठीच सोय आहे. एकदा बेरीज करून वरची पाने फाडून टाकली की ती सोय संपते.

आता त्या ओळीकडे येतो जी बहुतेक वाचक ओलांडून पुढे जातात. तक्त्याच्या कोपऱ्यात एका चौकटीत डिस्काउंट रेट लिहिलेला असतो. भविष्यातला लाभ आजच्या मूल्यात आणण्यासाठी दर वर्षी किती टक्के घट धरायची, एवढेच तो सांगतो. त्याची ताकद समजण्यासाठी एक साधा प्रकल्प घेऊ. आज खर्च १००, आणि पुढची तीस वर्षे दर वर्षी लाभ ८. दर ३ टक्के धरला तर लाभांचे आजचे मूल्य सुमारे १५७ येते आणि गुणोत्तर १.५७, प्रकल्प दिमाखात उत्तीर्ण. त्याच चौकटीत ३ च्या जागी ७ लिहा, गुणोत्तर ०.९९ होते आणि प्रकल्प केसाच्या अंतराने नापास. १० लिहा, तर ०.७५. एक विटही हललेली नाही, लाभाच्या एकाही आकड्याला हात लावलेला नाही. बैठकीत तासन्‌तास सिमेंटच्या भावावर खल होतो आणि या चौकटीवर कोणी बोट ठेवत नाही, कारण तिथला आकडा वरून आलेला असतो.

वरून येणारा आकडा तरी स्थिर असावा, तर तसेही नाही. अमेरिकेत २००३ पासून सरकारी नियमांच्या मूल्यमापनासाठी ३ आणि ७ टक्के असे दोन दर वापरण्याची सूचना होती. २०२३ साली ती बदलून २ टक्के करण्यात आली. २०२५ साली सत्ताबदलानंतर ती सुधारणा रद्द होऊन जुनी सूचना परत आली. ब्रिटनचे अर्थखाते ३.५ टक्क्यांपासून सुरुवात करते आणि तीस वर्षांनंतरच्या काळासाठी तो दर हळूहळू उतरवते. शंभर वर्षांनी होणाऱ्या १०० च्या हानीचे आजचे मूल्य १.४ टक्क्यांनी २५ च्या आसपास येते, ७ टक्क्यांनी ०.१२ च्या. २००६ साली निकोलस स्टर्न यांनी हवामानबदलावरच्या अहवालात सुमारे १.४ टक्क्यांचा दर धरला, तेव्हा विल्यम नॉर्डहाउस यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी हा दर बाजारातल्या व्याजदरांशी जुळत नाही असा आक्षेप घेतला. वाद गणिताच्या भाषेत चालला, पण तो होता आपल्या पणतवंडांना आपण किती जवळचे समजतो याबद्दलचा. फ्रँक रॅमसे या तरुण गणितज्ञाने १९२८ सालीच म्हटले होते की नंतरच्या पिढ्यांचे सुख केवळ नंतरचे आहे म्हणून कमी लेखणे नीतीला धरून नाही. त्याच्या म्हणण्याचा प्रतिवाद करता येतो. येणाऱ्या पिढ्या आपल्यापेक्षा सधन असतील, तेव्हा त्यांच्या शंभराचे मोल थोडे कमी धरायला हरकत नाही, हे मलाही मान्य आहे. पण नदीकाठची जमीन किंवा जुने अरण्य यांच्या बाबतीत ते सधन असतील की आपल्यापेक्षा दरिद्री, याचे उत्तर त्या चौकटीत मावत नाही.

अंदाज चुकण्याबद्दल थोडक्यात, कारण हा भाग आता बराच परिचयाचा झाला आहे. बेंट फ्लिवब्यर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली वीस देशांतले २५८ वाहतूक प्रकल्प तपासले, तेव्हा दहापैकी जवळजवळ नऊ प्रकल्पांत खर्चाचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी निघाला. रेल्वे प्रकल्पांत प्रत्यक्ष खर्च सरासरी ४५ टक्क्यांनी वाढला होता. पुढच्या एका अभ्यासात रेल्वे प्रकल्पांना अंदाजाच्या सरासरी निम्म्याच्या आसपासच प्रवासी मिळाल्याचे दिसले. निव्वळ चूक असती तर ती दोन्ही बाजूंना झाली असती. वरच्याच प्रकल्पात दर ५ टक्के धरला तर गुणोत्तर १.२३ येते; खर्च २० टक्क्यांनी वाढला आणि लाभ दोन वर्षे उशिरा सुरू झाले, तर तेच ०.९३ वर उतरते. दोन वर्षांचा उशीर आणि वीस टक्क्यांची वाढ ही या क्षेत्रात कोणी भुवया उंचावण्यासारखी गोष्ट नाही.

एका बैठकीत गुणोत्तर एकच्या किंचित खाली आलेले पाहून एका वरिष्ठांनी विचारलेला प्रश्न माझ्या चांगला लक्षात आहे: ‘यातले कोणते गृहीतक फेरविचाराला मोकळे आहे?’ प्रश्न अतिशय सभ्य होता आणि प्रत्येकाला तो समजला. आठवड्याभरात पर्यटनाचा अंदाजित लाभ वाढला आणि प्रकल्पाचे आयुष्य पाच वर्षांनी लांबले. गुणोत्तर १.०४ झाले. तक्त्यात बदल कुठे झाले हे शोधायला जुनी आणि नवी प्रत शेजारीशेजारी ठेवावी लागली, आणि जुनी प्रत फाइलमध्ये राहिली हीच त्यातल्या त्यात नशिबाची गोष्ट.

मानवी जिवाची किंमत ठरवण्यावरून या पद्धतीला सर्वांत जास्त शिव्या बसतात. त्यातल्या निम्म्या तरी गैरसमजातून येतात. एक लाख माणसांपैकी प्रत्येक जण आपल्या मृत्यूची शक्यता लाखात एकाने कमी करण्यासाठी ५० डॉलर द्यायला तयार असेल, तर त्या सगळ्यांचे मिळून ५० लाख डॉलर होतात आणि त्यातून सरासरी एक मृत्यू टळतो. एवढाच त्या आकड्याचा अर्थ. कोणाच्या गळ्यात लटकवलेली ती किंमतपट्टी नव्हे. रस्त्याला कठडा घालायचा की नाही हे ठरवताना असा काही आकडा मनात धरावाच लागतो, बोलून दाखवला नाही तरी. पण तिथेही ओळ उघडी असण्याचा उपयोग झाला आहे. २००३ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या एका विश्लेषणात सत्तरीपुढच्या माणसांच्या जिवाचे मूल्य ३७ टक्क्यांनी कमी धरल्याचे बाहेर आले, वृद्धांच्या संघटना खवळल्या आणि संस्थेला ती रीत सोडावी लागली.

या विषयावर बोलताना मी नेहमी अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या टेलिको धरणाची गोष्ट सांगतो, कारण ती दोन्ही बाजूंच्या लोकांना सारखीच अडचणीची आहे. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या सरकारी संस्थेने लिटल टेनेसी नदीवर १९६७ मध्ये हे धरण बांधायला घेतले. काम बरेच पुढे गेलेले असताना नदीत स्नेल डार्टर नावाचा बोटभर लांबीचा मासा सापडला. तो संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेला आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धरण थांबवले. एका क्षुल्लक माशासाठी एवढे मोठे धरण अडले, अशी ओरड झाली. मग काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, प्रजातींच्या रक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती करून मंत्रिमंडळ पातळीवरची एक समिती निर्माण केली. प्रकल्पाचे लाभ प्रजातीच्या रक्षणापेक्षा स्पष्टपणे मोठे असतील तर सूट देण्याचा अधिकार तिला होता. समितीत पर्यावरणवाद्यांचा भरणा नव्हता. जानेवारी १९७९ मध्ये तिने एकमताने सूट नाकारली, आणि कारण मासा हे नव्हतेच. राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे प्रमुख चार्ल्स शुल्झ यांनी दाखवून दिले की प्रकल्प ९५ टक्के पुरा झाला आहे, आणि तरीही आजवरचा सगळा खर्च विसरून फक्त उरलेल्या कामाचा खर्च नीट हिशेब करून लाभाशी ताडला, तर तेवढाही भरून निघत नाही.

‘एवढा खर्च झाला आहे, आता मागे कसे फिरायचे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की शुल्झ यांच्या त्या हिशेबाची मला विशेष किंमत वाटते. झालेला खर्च कोणत्याही निर्णयाने परत येत नाही, म्हणून तो तक्त्याबाहेर ठेवायचा. आणि तळाशी जाणारी सुपीक शेतजमीन, वाहत्या नदीचा होणारा उपयोग हे मात्र खर्चाच्या बाजूला आत घ्यायचे. आकडेमोड निर्दय असते असे म्हणतात. इथे तिनेच शेतकऱ्यांची, नदीची आणि योगायोगाने माशाची बाजू मांडली, आणि तीही अशा समितीपुढे जी बहुधा धरण सोडवण्यासाठीच नेमली गेली होती. त्याच वर्षी एका खर्चमंजुरीच्या विधेयकाला काही ओळींचे कलम चिकटवून काँग्रेसने टेलिकोला सगळ्या कायद्यांतून मुक्त केले आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये दरवाजे बंद होऊन पाणी चढू लागले. स्नेल डार्टर पुढे इतर प्रवाहांत तगला आणि २०२२ मध्ये यादीतून वगळलाही गेला. दरीतली शेती गेली ती गेलीच.

हिशेब शेवटी हरला, म्हणून तो व्यर्थ गेला असे मला वाटत नाही. तो केलेला होता, छापलेला होता, आणि म्हणूनच धरण फायद्याचे होते असे आज कोणाला सहज म्हणता येत नाही. मात्र टेलिकोचा तक्ता पुन्हा मांडला गेला तो न्यायालयात खटला झाला म्हणून. बहुतेक प्रकल्पांच्या नशिबी असा खटला येत नाही. मंजुरी मिळाली की त्यांचा तक्ता कपाटात जातो आणि तिथेच राहतो. फ्रान्सने १९८२ च्या देशांतर्गत वाहतुकीच्या कायद्यात मोठ्या प्रकल्पांसाठी वेगळी अट घातली: प्रकल्प सुरू झाल्यावर पाच वर्षांच्या आत त्याच्या आर्थिक आणि सामाजिक परिणामांचा ताळेबंद काढून तो लोकांना उपलब्ध करून द्यायचा. ब्रिटनमध्येही मोठ्या रस्ते प्रकल्पांची खुले झाल्यावर एका वर्षाने आणि पाच वर्षांनी तपासणी होते. हे दोन्ही देश याबाबत आदर्श आहेत असे नाही, फ्रान्समधले कित्येक ताळेबंद मुदत उलटून गेल्यावर आले आहेत. पण मंजुरीच्या वेळचा तक्ता आणि प्रत्यक्षातला तक्ता एकमेकांशेजारी ठेवण्याची सक्ती तिथे कायद्यात किंवा शिरस्त्यात आहे. माझ्या हाती अधिकार असता तर गुणोत्तराचा नियम मी सैल केला असता आणि हा नियम आवळला असता. मंजुरीच्या दिवशीच पुढच्या तपासणीची तारीख ठरवायची, तपासणी प्रकल्प मांडणाऱ्या खात्याकडे द्यायची नाही, आणि लाभार्थी व बाधित यांचे स्तंभ पहिल्या वेळी जसे वेगळे होते तसेच दुसऱ्या वेळीही वेगळे ठेवायचे. याला फार पैसा लागत नाही. जुनी प्रत जपून ठेवावी लागते, आणि वर सांगितलेल्या बैठकीनंतर मला वाटते की या सगळ्यात तेच सर्वांत कठीण आहे.